व्यंकटेशभाऊंची कार्डं

"आणखी एकदा बंद करा," व्यंकटेशभाऊ म्हणाले.

जॉबरने, म्हणजे माग सांभाळणाऱ्या मिस्त्रीने, खांबावरचा खटका खाली ओढला. डब्यावरचा लाल दिवा विझला. भाऊ मनात दहा मोजत होते, नुसते ओठ हलत होते. मग त्यांनी मान हलवली आणि जॉबरने खटका वर केला. लाल दिवा लागला. त्याच्या शेजारी हिरवा दिवा लुकलुकायला हवा होता, तो काही लागला नाही.

"उठत नाही की ओ," जॉबर म्हणाला. "पहाटेपासून हेच चाललंय. लाईट गेली, पाच मिनिटांत आली. सात डबे उठले, पाच झोपलेलेच."

अक्कलकोट रस्त्यावरची टॉवेलची मिल होती ती. आम्ही तिघं तिथे उभे होतो. करजगी सर, म्हणजे आमच्या वर्कशॉपचे मालक. व्यंकटेशभाऊ येमूल, आमचे इंजिनिअर. आणि मी, नीलांबिका बिराजदार, डबे जोडणारी. डाग देणं, तारा बसवणं, शेवटी झाकणाचे स्क्रू आवळणं हे माझं काम. झाकण उघडायची वेळ आली तर हाताशी असावी म्हणून सर मला घेऊन आले होते.

पूर्वी टॉवेलवरची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून मागाला कळायची. आम्ही त्या पुठ्ठ्यांच्या जागी एक डबा बसवायचो. डब्यात तळहाताएवढा कॉम्प्युटर, आणि त्याच्या खाचेत टपालाच्या तिकिटाएवढं मेमरी कार्ड. त्या कॉम्प्युटरला स्वतःचं असं काही आठवत नाही. वीज आली की तो आधी कार्ड वाचतो, आपल्याला काय करायचंय ते त्याला तिथे कळतं, आणि मग तो उठतो. कार्ड वाचता आलं नाही तर लाल दिवा लावून बसून राहतो.

भाऊंनी डब्याच्या बाजूची बारीक झडप उघडून आत बॅटरी मारली. मिलमध्ये पहिला संशय कापसाच्या तुसाचा. तूस नव्हतं. त्यांनी कार्ड काढलं, शर्टाला पुसलं, परत घातलं. खटका. लाल.

"काय ओ इंजिनिअर," मॅनेजर देशमाने मागून म्हणाले, "तुमच्या नव्या कार्डाला आमची हवा मानवेना का?"

नवं कार्ड हाच सगळ्यांच्या मनातला शब्द होता. इतकी वर्षं आम्ही दोन जीबीची कार्डं वापरत होतो. ती बाजारातून नाहीशी व्हायला लागली. मोठी कार्डं मिळत होती, पण आमचा बोर्ड त्यांना ओळखायचा नाही. भाऊंनी बोर्डाच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅममध्ये बदल केला, चार कंपन्यांची आठ जीबीची कार्डं आणून तीन आठवडे नुसती घालून-काढून पाहिली. थंड बोर्डावर, तापलेल्या बोर्डावर, कमी विजेवर. तीन कंपन्या नापास केल्या, एक पास. रजिस्टरात ओळीओळीने लिहिलं आणि खाली सही केली. या मिलचे बारा डबे ही त्या कार्डांची पहिली ऑर्डर.

भाऊंनी खिशातून एक जुनं दोन जीबीचं कार्ड काढलं आणि घातलं. लाल. काढून परत घातलं. हिरवा दिवा लुकलुकला.

"झालं की," देशमाने म्हणाले. "कार्डच."

"पहिल्यांदा हेही उठलं नव्हतं," भाऊ म्हणाले. "बघितलं ना तुम्ही?"

"नीट बसलं नसेल. आता उठलं ना?"

"उठलं. पण पहिल्यांदा का नाही उठलं ते कळायला पाहिजे."

"ते तुम्हाला कळायला पाहिजे. मला माग चालायला पाहिजेत." देशमाने सरांकडे वळले. "करजगीसाहेब, टॉवेल परदेशी जायचेत, शनिवारी गाडी भरायची आहे. संध्याकाळी पाचपर्यंत बाराच्या बारा डबे उठले पाहिजेत. नाहीतर मी परत पुठ्ठे चढवतो. आणि तुमच्या या नव्या प्रयोगाला कोण जबाबदार ते तुम्ही मला सांगायचं."

सर चष्मा पुसत राहिले.

"मी जबाबदार," भाऊ म्हणाले. "कार्डं माझ्या सहीची आहेत. ती चुकीची निघाली तर उद्यापासून मी कामावर येणार नाही."

"मी असं काही म्हटलेलं नाही," सर हळूच म्हणाले.

"मी म्हटलं, सर."

आजूबाजूला विणकर जमले होते. निम्मे भाऊंच्याच समाजाचे, त्यांच्या वडिलांना ओळखणारे. त्यांच्यासमोर दिलेला शब्द होता तो.

बारा डबे उतरवून आम्ही टेंपोत ठेवले. वाटेत भाऊ एवढंच बोलले, "अक्का, पद्माला काही बोलू नका हं. ती भेटली बिटली तर." पद्मा म्हणजे त्यांची बायको. मुलगी सात वर्षांची. घरात पगार एकच, बाकी पद्मा विड्या वळून मिळवायची तेवढे.

आमचं वर्कशॉप जुळे सोलापुरात, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. तिथे मी तेव्हा नऊ वर्षं काम करत होते. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय मी पाणी पीत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्यात काम हीच पूजा मानतात. म्हणून पहिल्या दिवसापासून माझा एक नेम होता: तयार झालेल्या डब्याच्या झाकणावर ओल्या विभूतीचे तीन पट्टे ओढल्याशिवाय डबा बाहेर जाऊ द्यायचा नाही. कोणी काही म्हणायचं नाही. व्यंकटेशभाऊ तेवढे चिडवायचे. "अक्का, तुमच्या महादेवाला प्रोग्रॅम येतो का? आला तर मला सुट्टी द्या एक दिवस."

या मिलच्या ऑर्डरच्या वेळी मात्र सर म्हणाले होते, "अक्का, यांच्या झाकणांवर विभूती नको. देशमाने म्हणतात, परदेशातली माणसं मिल बघायला येतात, डबे कोरे पाहिजेत."

मी 'बरं' म्हटलं. भाऊच मध्ये पडले होते. "राहू द्या की सर. आपले निम्मे डबे अक्कांच्या विभूतीवर चालतात. सांगा त्यांना, हा आपल्या कंपनीचा छापा आहे म्हणून."

सर हसले, पण ऐकलं नाही.

वर्कशॉपात आल्या आल्या भाऊंनी बाराही डब्यांतली नवी कार्डं झडपेतून काढली आणि टेबलावरच्या उघड्या बोर्डात एकेक करून घातली. बाराच्या बारा हिरवी.

"हे बघा सर. इथे चालतात, तिथे चालत नाहीत. मग कार्डाचा दोष कसा?"

"जुनं तिथेही चाललं," सर म्हणाले.

"दुसऱ्या वेळी."

"चाललं ना पण, व्यंकटेश. मला पाच वाजता देशमानेला काहीतरी दाखवायचंय. तुझं 'का' मी त्याला दाखवू शकत नाही."

सरांनी गाडीची किल्ली घेतली. नव्या पेठेतल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत जुनी दोन जीबीची कार्डं शिल्लक असतील ती गोळा करून आणतो म्हणाले. भाऊ मीटर पिशवीत टाकत होते. दोन वाजता मिलमध्ये पाळी बदलते, तेव्हा बाकीचे सगळे माग एकदम सुरू होतात. त्या क्षणी वीज किती खाली जाते ते त्यांना मोजायचं होतं.

दारात थांबून ते म्हणाले, "अक्का, डब्यांना हात लावू नका. तिथून आलेत तसेच राहू द्यात. विजेत काही सापडलं नाही, तर आल्यावर मी एकेक उघडणार. विजेत नसेल तर काहीतरी आतच आहे."

ते गेले. मी एकटी राहिले. टेबलावर बारा डबे.

काहीतरी आतच आहे.

सर म्हणाले होते, झाकणावर नको. मी बरं म्हटलं होतं, ते झाकणापुरतं. सगळी तपासणी झाली की झाकण बसवायच्या आधी, बोर्डाच्या कडेला एक मोकळी पट्टी असते, तिथे मी तीन बोटांच्या टोकांनी विभूती लावत होते. बाहेरून कोणाला दिसणार नाही. सरांचा शब्द मोडला नाही आणि माझा नेमही मोडला नाही. तेव्हा मला त्या युक्तीचं थोडं कौतुकही वाटलं होतं.

ती मोकळी पट्टी कार्डाच्या खाचेच्या बरोबर वर होती.

मी पहिला डबा ओढला आणि चार स्क्रू काढले. वरचे दोन पट्टे होते, भेगाळलेले. तिसरा जवळजवळ नव्हताच. मिलमध्ये माग चालू असले की पायाखालची फरशी थरथरत असते. वाळलेली विभूती तीन दिवस झडत राहिली होती. खाचेच्या तोंडाशी पिठासारखी राखाडी रेघ होती. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून मी तो आत फिरवला. आत कार्डाला टेकणाऱ्या बारीक पितळी जिभा असतात, त्यांच्यावरून. कापूस राखाडी होऊन बाहेर आला.

भाऊंचं कार्ड घातलं, वीज दिली. हिरवा दिवा लगेच लुकलुकला.

मला आधी आनंद झाला. कार्डं बरोबर होती, भाऊ बरोबर होते. जुनं कार्ड दुसऱ्या वेळी का उठलं तेही कळलं. आत जाताना त्याने राख खरवडली होती, एवढंच. मी फोनकडे हातसुद्धा नेला.

मग ते सांगायचं कसं, हे मनात आलं. सरांना सांगायचं. सर देशमान्यांना सांगणार. देशमाने जॉबरला, जॉबर चहाच्या टपरीवर. बाईने डब्याला भस्म फासलं आणि मिल बंद पाडली. माझ्या देवाचं हसं होईल, असं मी मनाशी म्हणाले. माझं होईल, असं नाही म्हणाले.

मी फोन केला नाही. दुसरा डबा उघडला.

दीड तासात मी बाराही डबे साफ केले. खाचा पुसल्या, उरलेले पट्टेही पुसून काढले, भाऊंची कार्डं घातली. झाकणं लावून सगळ्यांना वीज दिली. बारा हिरवे दिवे. भाऊ येतील, बघतील, सगळं चालतंय म्हणतील, मिटेल, असं मला खरोखर वाटत होतं. राखाडी कापसाचे बोळे मी तिथल्या टोपलीत टाकले नाहीत. कागदात बांधून माझ्या जेवणाच्या पिशवीत, पोळीच्या डब्याखाली ठेवले.

आधी सर आले. घामाघूम, हातात कागदाची पुडी.

"चौदा मिळाली. काढा ही आतली, अक्का, ही घाला."

"सर, ही चालतायत. बघा ना, सगळी."

"इथे चालतातच की. सकाळीही इथे चाललीच होती. तिथे चालत नाहीत, हाच तर घोळ आहे."

बोलायचं होतं ते आत्ताच, एका वाक्यात बोलता आलं असतं. सर माझ्याकडे बघतही नव्हते, घाम पुसत होते. मी स्टूल ओढलं आणि भाऊंची कार्डं एकेक करून काढायला लागले. जुन्या कार्डांवर प्रोग्रॅम उतरवून दिला तो सरांनीच, त्यांना येत होतं तेवढं.

भाऊ थेट मिलमध्येच भेटले. विजेत काही सापडलं नव्हतं. डबे मागांवर चढलेले बघून त्यांचा चेहरा पडला.

"सर, मी उघडून बघायच्या आधीच आणलेत हे?"

"वेळ नव्हता, व्यंकटेश."

पाच वाजता देशमान्यांनी स्वतः मुख्य खटका ओढला. सगळं अंधारलं, थांबलं. वर केला. एक, दोन, चार, बारा हिरवे दिवे. परत बंद केला. परत बारा. तिसऱ्यांदाही बारा.

"आता कसं," देशमाने म्हणाले. "जुनं ते सोनं. इंजिनिअर, पोरांवर करा तुमचे प्रयोग, आमच्या मागांवर नको."

विणकर हसले. फार नाही, थोडेच हसले. एक म्हातारा विणकर हसला नाही, भाऊंकडे बघत राहिला.

भाऊंनी सरांच्या हातातून आपल्या कार्डांची पुडी घेतली आणि खिशात ठेवली.

वर्कशॉपात आल्यावर त्यांनी आपला कप्पा आवरला. खूप वेळ लावला. पक्कड, डाग देण्याची कांडी, मीटर, सगळं पुसून पुसून जागेवर ठेवलं. रजिस्टर सरांच्या टेबलावर ठेवलं. सर म्हणाले, "दोन दिवस घरी बस. मग बघू."

मग भाऊ माझ्या टेबलापाशी आले.

"अक्का, तुम्ही डबे उघडले होते का?"

"सरांनी कार्डं बदलायला सांगितली," मी म्हणाले.

कार्डं झडपेतून बदलतात. त्यासाठी डबा उघडावा लागत नाही. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

"हां," ते म्हणाले. "आत काही दिसलं का?"

"नाही."

"मग कार्डंच असतील," ते म्हणाले. जाताना त्यांनी दाराबाहेर चप्पल घातली, थोडे थांबले, मला वाटलं परत येतात की काय, पण वाकून पट्टा सरळ केला आणि गेले.

दोन दिवसांनी ते आले नाहीत. सरांनी आठवडाभर वाट बघितली. मग सरांनाही राग आला, की दिला शब्द एवढा कोणी धरून बसतो का. निरोप पाठवला नाही. कोणीतरी सांगितलं, येमूल त्यांच्या मावसभावाच्या टॉवेलच्या दुकानात गठ्ठे बांधतो.

मी डब्यांना विभूती लावणं बंद केलं. सरांनी एकदा विचारलं, तेव्हा गुडघेदुखीसारखं काहीतरी कारण सांगितलं, काय ते आता आठवत नाही. पूजा सोडली नाही. रोज पहाटे लिंग तळहातावर घेऊन बसत होते. तळहाताकडे बघायचं असतं, दुसरीकडे नजर न्यायची नसते. मी नेत नव्हते.

तीन वर्षांनी जुनी कार्डं कुठेच मिळेनाशी झाली. पुण्याहून आलेल्या एका माणसाने सरांना आठ जीबीची कार्डं लावून दिली, व्यंकटेशभाऊंच्याच प्रोग्रॅमवर. मी पाकीट बघितलं. तीच कंपनी होती. मिलमध्ये लावली, चालली.

सरांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. "आता सुधारली असतील कंपनीने," ते म्हणाले.

"असतील," मी म्हणाले.

त्यानंतर सहा वर्षांनी सर गेले. वर्कशॉप त्यांचा मुलगा बघायला लागला. आणि त्या दिवसाला अकरा वर्षं होत आली असताना, एका सकाळी, धाकटे सर नव्या इंजिनिअर मुलीला काम समजावत होते. "कार्डाच्या बाबतीत घाई करायची नाही. बाबांच्या वेळी व्यंकटेश म्हणून एक जण होता, त्याने न तपासता कार्डं घेतली आणि एक मिल हातची जायची वेळ आली."

न तपासता. त्या मुलीने ते वहीत लिहून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत मी धाकट्या सरांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "जाऊ द्या अक्का. जुनी गोष्ट झाली. आता कशाला?" मी त्या मुलीलाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून विडी घरकुलला, भाऊंच्या वसाहतीत गेले.

घर शोधायला वेळ लागला नाही. पद्मा दारातच बसली होती, मांडीवर सुपात तेंदूची पानं. अकरा वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते. तिने मला ओळखलं. "या अक्का," म्हणाली, आणि आत हाक मारली. दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी.

आत ट्यूबलाईट फडफडत होती. लागत होती, जात होती.

"शेजारचा येईल, तो बघेल," पद्मा म्हणाली. "हे हात लावत नाहीत. साधा बल्ब बदलायचा तरी दुसऱ्याला विचारतात, बरोबर बसला का."

"नको त्यात आपण," भाऊ आतून येत म्हणाले. "बसा अक्का. पाणी दे गं."

मी पाणी घेतलं नाही. आधी बोलायचं ठरवून आले होते.

"भाऊ, तुमची कार्डं बरोबर होती."

ते उभ्यानेच म्हणाले, "कशावरून?"

मी सांगितलं. झाकणावर नको म्हणाले म्हणून आत लावलेली विभूती. तिसरा पट्टा. कापूस. बारा डबे. सर आले तेव्हा तोंड उघडलं नाही ते. तुम्ही विचारलंत तेव्हा 'नाही' म्हणाले ते. मी रडले नाही. रडायला मी तिथे गेले नव्हते.

"खाचेच्या कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

"वर. बरोबर वर."

"डबा उभा बसतो मागावर. म्हणजे झडलं की खाली खाचेतच." ते हवेत बोटाने डबा काढत होते. "आणि आमच्या टेबलावर बोर्ड आडवा, आणि त्याला विभूती नाहीच. म्हणून तिथे सगळी उठली. बरोबर. आणि सात उठले ते..."

"त्यांच्यात कमी पडली असेल."

"नाही, नाही. त्या बाजूच्या सात मागांचं वंगण नुकतंच झालं होतं, ते कमी थरथरत होते. मी लिहून घेतलं होतं, अक्का. थरथर लिहून घेतली होती मी, पण तिचा काय संबंध ते लागेना." ते खाली बसले. "राख. राखेतून वीज जात नाही. एवढी साधी गोष्ट."

"तुम्ही उघडले असते तर तुम्हाला दिसलं असतं."

"पहिल्या डब्यातच," ते म्हणाले. मग पद्माकडे बघून तेलुगूत काहीतरी बोलले. मला तेलुगू येत नाही. 'कार्ड' एवढा शब्द कळला.

पद्माने सूप बाजूला ठेवलं.

"अकरा वर्षं, अक्का," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही पूजा करायच्या ना रोज? अजून करता?"

"करते."

"रोज?"

"रोज."

ती पाण्याचा तांब्या उचलून आत घेऊन गेली.

मला वाटलं, आता भाऊ मला जा म्हणतील. ते म्हणाले, "सरांना सांगितलंत? ते जायच्या आधी?"

"नाही."

"नाही," त्यांनी मान हलवली. "मी गेलो होतो स्मशानात. लांब उभा होतो. मला वाटायचं, सरांचं नाव मी खराब केलं." मग म्हणाले, "रजिस्टरात तीनशे वेळा घालून-काढून बघितल्याचं लिहिलंय. तरी मला वाटायचं, आपण कुठेतरी खोटं लिहिलं असणार. झोपेत लिहिलं असेल. मग हळूहळू दुसरं काही बघितलं की तिथेही वाटायला लागलं."

"मी कोणाला सांगू, भाऊ? तुम्ही म्हणाल त्याला सांगते. मिलमध्ये जाऊन सांगते."

"मिलमध्ये आता कोण आहे? देशमाने पुण्याला गेला." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "शिरीषाला सांगाल? सहाला येते ती. डिप्लोमाला आहे, इलेक्ट्रॉनिक्सला. तिनेच घेतलं, मी नको म्हणत होतो. रात्री अडतं तिचं, वही घेऊन शेजारच्या गल्लीत जाते विचारायला. मला विचारत नाही."

"थांबते मी."

आम्ही थांबलो. पद्मा परत येऊन पानं कापत बसली. बाहेरच्या गल्लीत पोरं खेळत होती. सहा वाजून गेल्यावर शिरीषा आली, उंच, वडिलांसारखी, खांद्यावर जड पिशवी. तिने माझ्याकडे आणि मग आईच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"बस," भाऊ म्हणाले. "या नीलाक्का. आम्ही एकत्र काम करायचो. त्यांना तुला काहीतरी सांगायचंय."

ती बसली. मी येताना वाक्य ठरवून आले होते, तेच म्हणाले.

"बाळ, तुझ्या वडिलांनी निवडलेली कार्डं बरोबर होती."

ती गोंधळली. माझ्याकडे, मग वडिलांकडे बघायला लागली.

"कुठली कार्डं?" तिने विचारलं. "आमचे नाना तर टॉवेलच्या दुकानात असतात ना?"

पद्माचा कात्री धरलेला हात थांबला. भाऊंनी हात लांब करून मुलीची पिशवी आपल्याकडे ओढली, आतली वही काढली, कोरं पान उघडलं आणि वहीसकट पेन तिच्यापुढे ठेवलं.

"त्यांना पहिल्यापासून सांगू दे," ते म्हणाले. "तू लिहून घे."